कॉर्कचे हॉट पॉट स्टँड, दाभण आणि गोधडीचा दोरा

आमटीचं गरम भगुनं टेबलावर आणायचं म्हटलं की खाली काहीतरी लागतं, आणि आमच्याकडे ते काहीतरी म्हणजे कधी जुनं मासिक, कधी चौघडी घातलेलं फडकं, कधी मुलीची वही (तिची तक्रार आहे आणि रास्त आहे). ओट्यावर ग्रॅनाइट आहे तिथं कुणाला फरक पडत नव्हता, सागवानी डायनिंग टेबल आल्यावर पडायला लागला. सुताराने लाखेचं पॉलिश मारून दिलंय, चमक अशी की तोंड दिसतं, पण लाख उष्णतेने नरम पडते आणि त्यात वाफ धरली की पांढरा गोल उमटतो. मग तो गोल पुसून जात नाही, घासून जात नाही, तेल लावलं तर थोडे दिवस दिसेनासा होतो आणि पाहुणे यायच्या दिवशी परत हजर.

बाजारात हॉट पॉट स्टँड मिळतात की, मिळत नाहीत असं नाही. स्टीलच्या जाळीचे मिळतात, त्यांचे पाय टेबलाला ओरखडे पाडतात. सिलिकॉनचे चांगले असतात, पण मला स्वयंपाकघरात आणखी एक रबरी वस्तू नको होती. आणि कॉर्कचे म्हणून जे मिळतात त्यातला एक मी आणला होता तो खालून एमडीएफ आणि वरून कॉर्कचा पातळ पापुद्रा निघाला, ओल्या भगुन्याखाली राहिला तसा कडेनं फुगला आणि पापुद्रा सुटून आला. तेव्हाच डोक्यात आलं की आपणच करू, कॉर्कची शीट काय ती आणायची, गोल कापायचा, झालं. तेवढं सोपं नाही पण फार अवघडही नाही, आणि मी कशी केली ते सविस्तर लिहिते कारण इंटरनेटवरचे सगळे व्हिडिओ अशा लोकांचे आहेत ज्यांच्या घरी भाकरीचा तवा आणि पाच लिटरचा कुकर नसतो.

आधी कॉर्क म्हणजे काय ते. हे मला माझ्या मुलीमुळे आठवलं, तिच्या विज्ञानात रॉबर्ट हूक आहेच, 1665 साली त्याने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघितला आणि त्यात त्याला कप्पे दिसले, त्याला त्याने सेल म्हटलं. आपण सगळ्यांनी हे पाठ केलंय आणि परीक्षेत लिहून विसरलोय, पण स्टँडची सगळी भानगड त्या कप्प्यांतच आहे. एका घन सेंटिमीटर कॉर्कात साधारण 4 कोटी पेशी असतात, प्रत्येक पेशी बंद आणि आत हवा, आणि पेशीच्या भिंतीत सुबेरिन नावाचा मेणासारखा पदार्थ ज्यातून पाणी जात नाही. अडकलेली हवा उष्णता पुढे जाऊ देत नाही, एवढं साधं आहे. म्हणजे तुम्ही भगुनं ठेवता ते खरं तर हवेवर ठेवता.

ही साल असते एका ओकच्या झाडाची, क्वेर्कस सुबर, आणि जगातला जवळपास निम्मा कॉर्क एकट्या पोर्तुगालमधून येतो. झाड तोडत नाहीत, नुसती साल सोलतात, तीही झाड साधारण 25 वर्षांचं झाल्यावर पहिल्यांदा, आणि मग दर 9 वर्षांनी. मे ते ऑगस्टच्या सुमारास कुऱ्हाडीने हाताने सोलतात आणि झाडावर त्या वर्षाचा शेवटचा आकडा रंगाने लिहून ठेवतात, म्हणजे 2024 ला सोललं तर 4, पुढची पाळी कधी ते कळावं म्हणून. पहिली साल ओबडधोबड निघते, बाटलीच्या बुचाला चालत नाही, तिसऱ्या सोलणीपासून पुढचीच चालते. मग आधीची साल आणि बुचं कापून उरलेला चुरा दळतात, बाइंडर घालून दाबतात, आणि त्याच्या शीट कापतात, राजगिऱ्याचा लाडू गुळात बांधतात तसा हा सगळा कारभार. आपल्याला दुकानात जी शीट मिळते ती ही. आमच्या आत्याबाईंना (सासूबाई) मी हे सांगितलं तर म्हणाल्या, पंचवीस वर्ष वाट बघायची अन् साल काढायची, एवढ्यात आपल्याकडं चिंचेचं झाड लावणाऱ्याच्या नातवाला चिंचा मिळतात. मला काही उत्तर सुचलं नाही.

शेजारच्या काकूंनी सुचवलं की आपल्या कॉलनीच्या कोपऱ्यावर बुचाचं झाड आहे की, त्याची साल घे, कशाला पैसे घालतीस. आता हे झाड म्हणजे गगनजाई, पांढऱ्या लांब देठाची वासाची फुलं पडतात सकाळी खाली, लहानपणी आम्ही त्यांच्या देठात देठ घालून वेण्या करायचो. त्याची साल जुन्या काळी कॉर्कला पर्याय म्हणून वापरायचे हे खरं आहे, पण ती हलक्या दर्जाची. मी पडलेली खपली उचलून बघितली, बोटात दाबली तर चुरा होतो, स्टँड काय व्हायचा तिचा. आणि उभ्या झाडाची साल ओरबाडायची तर विचारही नको, हे झाड त्या पोर्तुगालवाल्यासारखं साल परत भरून देत नाही.

आता खरेदी. मी लातूरची, म्हणजे काहीही हवं असलं की गंजगोलाई. तिथं स्टेशनरीच्या दुकानात कॉर्क शीट मागितली की नोटिस बोर्डाची मिळते, दोन-तीन मिलिमीटर जाडीची, भुसभुशीत, टाचणी रुतावी म्हणून मुद्दाम हलकी केलेली. पेल्याखाली ठेवायला बरी, भगुन्याखाली काही उपयोग नाही, दोन दिवसांत कडा गळायला लागतात. मग कुणीतरी सांगितलं की गाड्यांच्या स्पेअर पार्टवाल्याकडे बघा, इंजिनाच्या पॅकिंगला कॉर्क लागतो. गेले. तिथं शीट होती, दाट, मस्त, गडद रंगाची, आणि दुकानदार भला माणूस, त्याने आधीच विचारलं की ताई गाडी कोणती. भगुन्याखाली ठेवायचीय म्हटल्यावर तो एकदम गप्प झाला आणि मग म्हणाला, ह्यात रबर असतं, गरम झालं की वास मारंल. मी एक छोटा तुकडा मागून आणला आणि घरी गरम तव्यावर ठेवून बघितला, माणूस खरं बोलला होता, ट्यूब जळाल्याचा वास. तेव्हा ही लक्षात ठेवायची गोष्ट, पॅकिंगच्या कॉर्कात बहुतेक वेळा रबर मिसळलेलं असतं, ते तेलासाठी बनवलंय, वरणासाठी नाही.

शेवटी ऑनलाइन मागवली, 6 मिलिमीटर जाडीची, घट्ट दाण्याची. घेताना बघायचं ते एवढंच की दाणा बारीक आहे का, आणि नख रुतवलं तर खड्डा पडून परत वर येतो का. येत असेल तर चांगली. नख लावलं की दाणे हातात येत असतील तर परत पाठवा. शीट गुंडाळी होऊन आली होती, ती सरळ करायला मी गच्चीवर उन्हात पालथी घातली, आमच्याकडच्या मे महिन्यातलं ऊन म्हणजे इस्त्रीची गरज नाही, आणि वर पाटा ठेवला. संध्याकाळपर्यंत सपाट.

कापायला पेपर कटर. इथं एकच युक्ती आहे आणि ती सगळ्यांनी सांगितली तरी कुणी ऐकत नाही, ती म्हणजे जोर द्यायचा नाही. हलक्या हाताने त्याच रेघेवरून चार-पाच वेळा फिरवायचं, पहिल्या वेळी नुसती रेघ उमटली पाहिजे. जोर दिला की पातं दाणा कापायच्या ऐवजी उपटतं आणि कड कुरतडल्यासारखी होते. कॉर्क मऊ दिसतो पण पातं फार लवकर बोथट करतो, त्यामुळे पात्याचं टोक मोडत राहायचं, कंजुषी करायची नाही. गोल काढायला मी कंपास वगैरे काही घेतलं नाही, कुकरच्या डब्याचं झाकण पालथं ठेवलं आणि पेनाने फिरवलं, साधारण 18 सेमीचा गोल आला, आमच्या सगळ्या भगुन्यांना पुरतो. कड नंतर 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासायची आणि मग 220 ने, गोल फिरवत, खालून वर नाही, कारण वर ओढलं की दाणे निघतात.

6 मिलिमीटरचा एकच थर मी आधी वापरून बघितला, वर उकळती आमटी ठेवून खाली टेबलावर हात लावला. कोमट लागतं. रोजच्या भाजीला चालेल पण गॅसवरून थेट उतरवलेल्या कुकरला नाही, माझं मत. दोन थर केले म्हणजे 12 मिलिमीटर, तेव्हा कुकर अर्धा तास ठेवला तरी खाली काही कळत नाही. म्हणजे दोन थर पक्के. आता दोन थर एकमेकांना जोडायचे कसे, हा खरा प्रश्न आणि माझा सगळ्यात जास्त वेळ यातच गेला, मजाही यातच आली.

व्हिडिओत सगळे हॉट ग्लू वापरतात. अरे पण नावातच हॉट आहे, तो गरम करून वितळवूनच लावतात ना, मग वर कुकर ठेवल्यावर तो परत वितळणार नाही का. तरी मी कात्रणाच्या दोन तुकड्यांवर लावून वर तापलेली कढई ठेवून बघितली, थर एकमेकांवरून सरकले. मग सुतारकामाचा पांढरा गोंद, तो वाळल्यावर मजबूत असतो पण उष्णता आणि वाफ दोन्ही एकदम मिळाली की नरम पडतो, शिवाय कॉर्कच्या एकाच बाजूला ओलावा गेला की शीट वाकते, वजनाखाली एक अख्खा दिवस ठेवावी लागते. चप्पल चिकटवायचं पिवळं सोल्युशन लावलं तर चिकटतं जबरदस्त, पण गरम झालं की वास, आणि तो वास जेवणाच्या ताटाशेजारी मला नको. म्हणजे जे जे चिकट आहे ते ते उष्णतेपुढे कमी पडतंय, आणि आपली तर वस्तूच उष्णतेसाठी आहे.

मी असे तुकडे मांडून बसले होते ओसरीत, तेवढ्यात आत्याबाई आल्या. काय करूलालीस ग ह्ये? म्हटलं, दोन थर जोडायचेत, चिकटंना. त्यांनी एक तुकडा हातात घेतला, वाकवून बघितला, वास घेतला, आणि म्हणाल्या, शिव की मग. एवढं बोलून त्या देवघरात गेल्या आणि मी तिथंच बसले, कारण हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं आणि एकाही व्हिडिओत नव्हतं.

शिवायला दाभण. आमच्या गावाकडच्या घरी दाभण कायम असतो, सोयाबीनचं, तुरीचं पोतं भरलं की तोंड शिवायला, आणि तो पुढं जरा वाकडा असतो म्हणून थरातून घालून परत वर काढायला सोपा पडतो. दोरा कोणता हा मुद्दा महत्त्वाचा आहे. पोतं शिवायची हल्लीची सुतळी बऱ्याचदा प्लॅस्टिकची असते, ती चालणार नाही, वितळते. नायलॉन नाही, पॉलिस्टर नाही, निव्वळ सुती दोरा, गोधडीला वापरतो तो जाड पांढरा, तिपदरी करून. ओळखायचं कसं तर टोक काडीने पेटवून बघायचं, सुती असेल तर कागद जळाल्यासारखा वास येतो आणि राख होते, प्लॅस्टिक असेल तर गोळी होऊन टणक मणी तयार होतो.

शिवायची पद्धत अशी. दोन्ही गोल एकावर एक ठेवून चार बाजूंनी कपड्याचे चिमटे लावायचे म्हणजे सरकत नाहीत. मग कडेपासून एक सेंटिमीटर आत पेनाने वर्तुळ काढायचं आणि त्यावर दोन-दोन सेंटिमीटरवर ठिपके. ठिपके जवळजवळ घेतले तर कॉर्क भोकांच्या रेघेवरून फाटतो, पोस्टाच्या तिकिटाला भोकं असतात म्हणून ते फाटतं ना, तोच न्याय. आधी सगळी भोकं दाभणाने पाडून घ्यायची, रिकाम्या दाभणाने, उभा धरून, खाली जुनी चप्पल ठेवून म्हणजे टोक आरपार जातं आणि फरशीला लागत नाही. मग दोरा ओवून धावदोरा एक फेरी, आणि त्याच भोकांतून उलट दुसरी फेरी, म्हणजे वर-खाली दोन्हीकडे सलग टाका दिसतो. ओढायचं बेताने. टाका कॉर्कात किंचित रुतला पाहिजे, म्हणजे भगुनं दोऱ्यावर न बसता कॉर्कवर बसतं, पण इतका नाही की कापत जाईल. पहिल्या चार टाक्यांत हाताला अंदाज येतो. गाठ दोन थरांच्या मधे लपवायची, तेवढी एक जागा चिमट्याने फाकवून. मी दोरा आधी हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवला होता, नुसती हौस, तपकिरी कॉर्कवर पिवळा टाका छान दिसतो. धुतला गेला की फिका होतो, होऊ दे.

हा जो पहिला शिवलेला स्टँड झाला तो मी मुद्दाम छळला. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या की लगेच वर, तेही कुकरचं बूड ओलं असताना. वरण उतू गेलेलं भगुनं वर. थर सुटले नाहीत, सरकले नाहीत, वास नाही. टेबल थंड.

तव्याचं वेगळं. भाकरी झाल्या झाल्या लोखंडी तवा कॉर्कवर ठेवायचा नाही म्हणजे नाही. कॉर्क साधारण 200 अंशांपर्यंत शांत असतो, त्याच्या पुढे काळवंडायला लागतो, आणि ज्वारीच्या भाकरीचा तापलेला तवा त्याच्या सहज वर जातो. उकळत्या भाजीचं भगुनं शंभराच्या आसपास, कुकर एकशेवीसच्या आसपास, बूड जरा जास्त, हे सगळं चालतं. तवा, रिकामी तापलेली कढई, ओव्हनमधून काढलेला ट्रे, हे ओट्यावरच. एका कातरणावर मी तवा ठेवून दाखवला घरातल्यांना, धूर निघाला आणि गोल डाग पडला, तो तुकडा आता ओट्याजवळ खिळ्याला टांगलाय, नवऱ्यासाठी, कारण तवा कुठंही ठेवायची सवय त्याचीच.

कढईला आणखी एक अडचण असते, तिचं बूड गोल. सपाट स्टँडवर ती डुगडुगते, आणि आत तर्रीदार काळं मटण असेल तर डुगडुगणं परवडत नाही. आजी याला काय करायची तर चुंबळ, जुन्या लुगड्याची चिंधी वळून केलेली, हंडा डोक्यावर घेताना तीच आणि खाली ठेवतानाही तीच. मग मी कॉर्कचीच चुंबळ केली म्हणा ना, तीन थर घेतले आणि मधून आठ-नऊ सेंटिमीटरचा गोल कापून काढला, आतल्या कडेला थोडा तिरका घासला म्हणजे कढईचं बूड त्यात बसतं. ही शिवताना आतल्या कडेनेही एक फेरी घ्यावी लागते. बाहेरून गावाकडून आणलेली अंबाडीची दोरी गुंडाळून टाचली, कारण तीन थरांची कड फार वेळा धक्के खाते आणि दाणे सुटतात. हीच माझी सगळ्यात आवडती झालीय खरं सांगायचं तर. आणि मधून निघालेले छोटे गोल वाया गेले नाहीत, पेल्याखाली ठेवायला झाले.

आता बाटल्यांच्या बुचांचा प्रकार. दीर नाशिकला असतात, त्यांना कळलं की वहिनी कॉर्कचं काहीतरी करतेय, तर त्यांनी ओळखीच्या हॉटेलातून वाइनच्या बाटल्यांची पिशवीभर बुचं आणून दिली. मला फार आनंद झाला, आत्याबाईंना अजिबात नाही. दारूच्या बाटलीची बुचं, त्याच्यावर महालक्ष्म्यांच्या नैवेद्याची खीर ठेवणार का तुम्ही? शेवटी असं ठरलं की तो स्टँड फक्त चहा-कॉफीला आणि दीर जेवायला आले की त्यांच्या रश्श्याला, सणावाराला शिवलेले. मला हा तह मान्य आहे.

बुचं आधी निवडावी लागतात. त्यात खऱ्या कॉर्कची असतात, चुऱ्याची दाबलेली असतात, आणि काही चक्क प्लॅस्टिकची, गुळगुळीत, एकसारख्या फेसाची. ती काढून टाकायची, वितळतात. बुचाची जाडी साधारण 24 मिलिमीटर, बाटलीच्या तोंडात दाबून बसवतात आणि बाहेर आलं की फुगतं, त्यामुळे वापरलेली बुचं एका बाजूला जरा बारीक राहतात, ती वाफेवर थोडा वेळ धरली की बरीचशी फुगून सरळ होतात आणि कापायलाही मऊ पडतात. मी इडलीपात्रात ठेवली. (हो, इडलीपात्र नंतर उकळत्या पाण्याने घासलं, आत्याबाईंच्या समोर.)

ही उभी मांडायची, मधे एक, भोवती 6, भोवती 12, असं 19 बुचांत जेमतेम 12 सेंटिमीटरचा गोल होतो, चहाच्या पातेल्याला पुरतो. आणखी 18 ची फेरी घातली तर 37 बुचं आणि 17 सेंटिमीटर. जोडायला इथंही गोंद नाही. पाइपाची क्लिप असते ना स्क्रू पिळून आवळायची, मोटारीच्या पाइपाला बोअरवर लावतात ती, आमच्याकडे दर दुसऱ्या दुकानात मिळते, सहा इंचीपर्यंत काय मागाल ती. सगळी बुचं आत उभी करायची, हाताने गोल दाबून धरायची, आणि क्लिप स्क्रू ड्रायव्हरने हळूहळू आवळायची. कॉर्कची गंमत अशी की तो एका बाजूने दाबला तर दुसरीकडून फुगून बाहेर येत नाही, आतच दबतो, म्हणून बुचं निसटून वर येत नाहीत, रबर असतं तर उडाली असती. उंची सारखी नसते त्यामुळे वरची बाजू नंतर पॉलिश पेपरवर उलटी घासावी लागते. दुकानदाराने विचारलं किती इंची बोअर आहे ताई. आता मला या प्रश्नांची सवय झालीय.

सजावटीबद्दल माझं आणि जाऊबाईंचं मतभेद आहे आणि तो राहणार. त्यांना वरून रेझिन ओतून त्यात सोनेरी वर्ख आणि सुकलेली फुलं हवीत, तसे कोस्टर त्यांनी कुठल्या प्रदर्शनात बघितलेत. दिसतात सुंदर, नाही म्हणत नाही. पण हौशी लोक वापरतात ते रेझिन साठ-सत्तर अंशांलाच मऊ व्हायला लागतं, त्यावर कुकर ठेवला तर कुकरचा ठसा तरी पडेल नाहीतर रेझिन कुकरला चिकटेल. ॲक्रिलिक रंगाचं तेच, वारलीची चित्रं काढली तर भगुन्याच्या बुडाला नाचणारी माणसं निघून येतील. वॉर्निश नाही, मेण नाही. कॉर्कवर जे काही थापाल ते कॉर्कपेक्षा लवकर हार मानतं, आणि मग तुमचा स्टँड त्या थापलेल्या गोष्टीइतकाच कामाचा राहतो. काही हवंच असेल तर डाग द्या. म्हणजे सोल्डरिंग गनने हलकेच जाळून नक्षी, यात वरून काही लागत नाही, जे आहे तेच काळं होतं. माझ्या मुलीने एकावर कडेने आंब्याची पानं काढली तशी, आणि एकावर हूकचे ते कप्पे, पुस्तकातली आकृती बघून. तो विज्ञानाच्या बाईंना दाखवायला शाळेत नेला होता, परत आणायची आठवण रोज करावी लागली.

निगा फार नाही. बेसिनमध्ये भिजत टाकायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा आणि उभा करून वाळवायचा, आडवा नाही, खालची बाजू ओली राहते. तेलाचा डाग पडला तर लगेच त्यावर ज्वारीचं पीठ भुरभुरवून ठेवायचं, थोडं तेल ओढून घेतं, बाकीचा डाग राहतो आणि मला तो चालतो. पावसाळ्यात मात्र लक्ष द्या, कॉर्क स्वतः पाणी पीत नाही पण दाण्यांच्या मधे आणि दोऱ्यात ओल धरते, पांढरी बुरशी दिसली तर व्हिनेगरचं फडकं फिरवून उन्हात. दोरा कुजला किंवा तुटला तर उसवून परत शिवायचा, भोकं तयारच आहेत, दहा मिनिटांचं काम. वर थोडंफार काळवंडलं तर पॉलिश पेपरने घासून काढायचं, खाली नवा कॉर्क निघतो.

कातरणं टाकू नका. मी लांब पट्ट्या मिक्सरच्या चार पायांखाली ठेवल्या, शेंगदाण्याची चटणी वाटताना ओटा हादरायचा तो हादरा बराच कमी झालाय. छोटे तुकडे टेबलाच्या खुरांना. आणि दोन स्टँड आत्याबाईंनी परस्पर वन्सांना देऊन टाकलेत, त्यातला एक कढईचा होता, त्यामुळे आता परत तीन थर कापायला बसायचंय आणि अंबाडीची दोरी गावाहून मागवलीय.